हँडल वाकडं आहे

गाडी माझ्या हाताशिवाय पुढं सरकली, झालं होतं ते एवढंच. रविवारी संध्याकाळी साडेसहाचा सुमार. शिवाजी उद्यमनगरातनं बाहेर पडताना डावीकडं वळायचं म्हणून मी हँडल पार कडेला नेलं आणि आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, यामाहा आरएक्स १०० एकदम किंचाळली. मी रेस दिली नव्हती. उजवी मूठ होती तिथंच होती, माझ्या हातात सैल. क्लच अर्धा सुटलेला, त्यामुळं गाडीनं हातभर उडी घेतली. समोर पेरूची हातगाडी. मी दोन्ही ब्रेक दाबले, चाक हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबलं. पेरूवाला ओरडला नाही, काही नाही. त्यानं कडेचा एक पेरू उचलून आतल्या बाजूला ठेवला, जणू तेवढा एकच धोक्यात होता. मागनं मास्तर बोंबलला, ‘‘काय करायलाईस लका!’’ मी हँडल सरळ केलं, इंजिन शांत. परत डावीकडं वळवलं, परत किंचाळी. उजवीकडं नेलं तर काहीच नाही. तिघंही हसायला लागले, मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तेवढंच आठवत राहिलं. ज्या गाडीचा प्रत्येक आवाज आपल्याला पाठ आहे असं आपण समजतो, ती आपल्याला न विचारता पुढं जाते म्हणजे काय?

कारण अगदी साधं होतं, पाच मिनिटांत सापडलं. नवं हँडल जुन्यापेक्षा दोन इंच उंच आणि दोन्ही बाजूंना चांगलं चार-चार बोटं रुंद. केबल मात्र जुनीच. हँडल डावीकडं वळलं की उजवी मूठ पुढं जाते, कार्बोरेटरपासून लांब. केबलमध्ये ढील असेल तर तिला फरक पडत नाही. नसेल तर ती ताणते आणि आतला स्लाइड वर उचलते. म्हणजे रेस मीच देत होतो, फक्त मनगटानं नाही तर हँडलनं. टर्नर म्हणाला, ‘‘केबल तीन इंच कमी पडत्या. ह्यात गाडीची चूक न्हाई, तुझ्या हौसेची हाय.’’

मित्रांची नावं लिहीत नाही, कारण त्यांच्या बायका हे वाचतात आणि त्या रविवारी तिघांनी घरी तीन वेगवेगळी कारणं सांगितली होती. टर्नरचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक ड्रिल आणि एक कायम बिघडलेला पंखा. मास्तर शाळेत विज्ञान शिकवतो. तिसरा वकील. राजाराम कॉलेजात आम्ही चौघं एकत्र होतो आणि चौघांत मिळून एकच गाडी होती, ती म्हणजे हीच. पन्हाळ्याला तिच्यावर तिघं-तिघं गेलो आहोत, आणि उरलेला चौथा एसटीनं येऊन वर आमची वाट बघत बसलेला आहे, कारण गडाच्या चढावर ती तिघांना घेऊन चढायची नाही आणि दोघांना उतरून ढकलावं लागायचं. पावसाळ्यात गगनबावड्याला गेलो की येताना अंगातनं वाफ आणि सायलेन्सरमधनं टूटीचा, म्हणजे पेट्रोलमध्ये जळणाऱ्या तेलाचा, निळा धूर, दोन्ही एकदम निघायचं. तो वास अजून कुठं आला की मी मान वळवून बघतो. पुण्यात तो आता वर्षातनं एखाद्या वेळी येतो.

हँडल बदलायचं खूळ माझंच. पंचेचाळिशी गाठली आणि पुण्यात दिवसभर कीबोर्डवर बसून डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुंग्या येऊन बधिर व्हायला लागली. कोल्हापूरला आलो की आरएक्सवर अर्धा तास झाला की तीच गत. जरा उंच, जरा मागं येणारं हँडल असेल तर बरं पडेल, असं मला वाटलं. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण हे की मोबाइलवर कुणीतरी आरएक्सला मधे आडवी नळी असलेलं, स्क्रॅम्बलरसारखं रुंद काळं हँडल लावलेलं दाखवलं होतं, आणि ते बघून मला एकोणीस वर्षांचं झाल्यासारखं वाटलं होतं. पुण्यात नाना पेठेतनं ते घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीच्या डोक्यावरच्या फळीवर ठेवलं आणि साताऱ्यापर्यंत शेजारचे काका विचारत राहिले, ‘‘सायकलचं काय?’’

आता जुन्या हँडलविषयी. ते वाकडं होतं. म्हणजे डावी मूठ उजवीपेक्षा दीड-दोन इंच मागं, आणि जराशी खाली. गाडी आप्पांनी १९९२ साली नवी घेतली, आणि मला आठवतं तेव्हापासून ते तसंच आहे. कंपनीनं ही गाडी १९९६ साली बंद केली, त्याच साली मी ती शिकलो. शिकलो तो वाकड्या हँडलवर, त्यामुळं मला ते वाकडं कधी लागलंच नाही. लागायचं ते दुसऱ्यांना. जो कुणी गाडी मागून नेई तो चावी परत देताना ठरलेलं वाक्य बोले: ‘‘हँडल वाकडं आहे हं.’’ जणू आम्हाला माहीतच नव्हतं. सर्व्हिसिंगला टाकली की मेकॅनिक पुढच्या चाकाला दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल पिळायचा, चाक सरळ, शॉकॲब्सॉर्बर सरळ, मग डोकं खाजवायचा. मामांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा आप्पा म्हणाले होते, ‘‘पडलो होतो मागं एकदा.’’ मी तिथंच होतो. पुढं मला कुणी विचारलं की मीही तेच सांगायला लागलो. आप्पा पडले होते मागं एकदा. कधी, कुठं, कसे, हे मी कधी विचारलं नाही.

तर रविवारी दुपारी जेवून आम्ही टर्नरच्या वर्कशॉपात जमलो. शटर अर्धं खाली ओढलेलं, आत कुलंटचा आंबूस वास, लोखंडाच्या कुरळ्या चिपांचा ढीग, आणि मास्तरनं आणलेला भडंगाचा पुडा. तेलकट हातानं भडंग खाऊ नये म्हणून त्यानं कागदाचे चार चमचे करून आणले होते. मास्तर असा आहे. टर्नरनं चमचा फेकून दिला आणि मूठभर तोंडात टाकला.

आधी आरसे काढले. मग लिव्हर सैल करून क्लचची आणि पुढच्या ब्रेकची केबल सोडली. मुठी निघेनात. रबर आणि पाइप तीस वर्षांत एकजीव झालेले. वकील म्हणाला, ब्लेड मार आणि काप. मास्तर म्हणाला, साबणाचं पाणी. शेवटी पातळ स्क्रू-ड्रायव्हर रबराखाली सरकवून साबणाचं पाणी सोडलं, पिळत पिळत उजवी निघाली. डावी मात्र कापावी लागली. कापून हातात घेतली तेव्हा बघितलं, डाव्या मुठीचं रबर एकाच ठिकाणी झिजलेलं होतं, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या पाळीला जिथं टेकतं तिथं, आतल्या अंगाला. उजवी सगळीकडनं सारखी. मी ते बघितलं आणि बाजूला टाकलं.

मग स्विचवरनं वाद. ज्यांनी हे काम कधी केलं आहे त्यांना हा वाद माहीत असणार. डाव्या स्विचच्या डब्याला आतनं एक बारकी खुंटी असते, ती पाइपाला पाडलेल्या भोकात बसते, म्हणजे स्विच गोल फिरत नाही. नव्या हँडलला ते भोक नसतं. आता एक तर कानस घेऊन खुंटी घासून काढायची, नाही तर पाइपाला भोक पाडायचं. मास्तरचं म्हणणं, पाइपाला भोक म्हणजे त्या जागी ताकद कमी, खुंटी काढ. टर्नरचं म्हणणं, खुंटी काढली की दोन महिन्यांत स्विच फिरायला लागणार, रात्री डिपर मारायला जाशील आणि हॉर्न वाजेल. ‘‘आणि भोक पाडायचं ते मी पाडणार हाय, तू न्हाईस.’’ अर्धा तास ह्यावर गेला. भडंग संपला. शेवटी मला गाडीवर बसवलं, हात सहज पडतील तिथं स्विच धरला, टर्नरनं पेन्सिलीनं खूण केली, पंच मारला, आणि नव्या काळ्या रंगावर ड्रिलचं टोक टेकलं तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हललं. अकराशे रुपयांचं हँडल, त्यात अजून गाडीलाही लागलेलं नाही. चांदीसारखी बारीक चीप वळवळत बाहेर आली. डबा बसवला तर खुंटी भोकापासनं केसभर बाजूला. टर्नरनं गोल कानस दोनदा फिरवली आणि टक् असा आवाज आला. त्या ‘टक्’वर चौघंही काहीच न बोलता खूश झालो.

वकील तोवर स्टुलावर बसून कायदा सांगत होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत परवानगीशिवाय बदल करायचा नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने आत, किंवा दोन्ही. ‘‘एका बदलाला, लक्षात घे. हँडल एक, आरसे दोन.’’ पोलीस चौकात सायलेन्सर ओळीनं मांडून त्यांच्यावर रोलर फिरवतात त्याची बातमी त्यानं आम्हाला मोबाइलवर दाखवली. आणि ही गाडी तर पंधरा वर्षं होऊन गेलेली, दर पाच वर्षांनी आरटीओत उभी करावी लागते, ग्रीन टॅक्स भरावा लागतो, तेव्हा इन्स्पेक्टर बघणार. मी म्हटलं, त्या दिवशी जुनं हँडल लावून नेऊ. हे बोलताना मला माहीत नव्हतं की तेही कंपनीचं राहिलेलं नव्हतं.

क्लॅम्पचे चार बोल्ट बाराच्या पान्यानं सुटले, तिसरा जरा रुसला, त्याला पेट्रोलचे थेंब पाजले. वरच्या टोप्या काढल्या आणि जुनं हँडल उचललं. क्लॅम्पच्या खाली पाइपाचा जेवढा भाग झाकलेला होता तेवढा आरशासारखा चकचकीत होता. बाकी सगळीकडं क्रोमवर गंजाची पुरळ, आणि मधे हे दोन तुकडे, १९९२ सालचे, ऊन न लागलेले. मी त्यात माझं नाक बघितलं.

टर्नर जुनं हँडल उजेडाला धरून एक डोळा मिटून बघत होता, जसं तो शाफ्ट बघतो. मग त्यानं डाव्या टोकाची कड अंगठ्यानं चाचपली. ‘‘पडलेली गाडी न्हाई ही.’’

‘‘अरे, आप्पा पडले होते.’’

‘‘पडली तर आधी काय टेकतं? मुठीचं टोक, लिव्हरची गोळी. हितं बघ, टोक घासलंयच न्हाई. लिव्हर वरिजनल हाय, वाकलेली न्हाई. आणि हा बाक बघ, कसा गोल आलाय. ठोकर लागली तर पाइप चेपतो, आतनं बसतो. हे कुणीतरी बेतानं वाकवलंय.’’ असं म्हणून त्यानं हँडल उभं धरलं आणि पाइपावर हातोडीच्या दांड्यानं हलकेच दोन ठोके मारले. आधी गंजाचा तपकिरी भुगा पडला. मग, त्याच्याबरोबर, फरशीवर चिमूटभर काहीतरी सांडलं. टर्नरनं बोट लावून ते चोळलं आणि हसला.

काळी वाळू.

कोल्हापूरच्या माणसाला ही वाळू सांगावी लागत नाही. नदीची वाळू वेगळी. फाउंड्रीत साच्यासाठी वापरतात ती काळी असते, त्यात माती आणि कोळशाची पूड मिसळलेली असते, ओली असली की मुठीत दाबून लाडू होतो. उद्यमनगरात लहानपणी चप्पल काढली की तळव्याला तीच लागलेली असायची. आणि पाइप वाकवायची जुनी रीत म्हणजे हीच: एक तोंड लाकडाच्या खुंटीनं बंद करायचं, आत वाळू ठासून भरायची, दुसरं तोंड बंद करायचं, मग पाइप अडकवून हळूहळू ओढायचा. आतनं वाळूचा आधार असल्यामुळं पाइप चेपत नाही, गोल वळतो. काम झालं की खुंट्या काढून वाळू ओतून टाकायची. थोडी राहतेच. ती तीस वर्षं त्या नळीत बसून होती, आणि आम्ही तिच्यावर हात ठेवून पन्हाळ्याला जात होतो.

तेव्हाही मला काही कळलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो. मला वाटलं, पडल्यावर सरळ करायला नेलं असेल आणि मिस्त्रीनं जास्तच ओढलं असेल. नवं हँडल बसवलं, पुढचे बोल्ट आधी आवळायचे की चारी बाजूंनी सारखी फट ठेवायची ह्यावर आणखी एक वाद झाला, मुठी चढवल्या, मी चक्कर मारायला निघालो, आणि पेरूची गाडी आली.

रात्री घरी गेलो, राजारामपुरीत. आई भाकरी करत होती, आप्पा टीव्ही बघत होते, आवाज बंद करून. आता शहात्तर वर्षांचे आहेत, गाडी चालवणं सोडून नऊ वर्षं झाली. मी पुढ्यात जुनं हँडल ठेवलं, ते टाकायचं नव्हतं म्हणून घरी आणलं होतं. आप्पांनी रिमोट उजव्या हातात घेऊन टीव्ही बंद केला आणि डावा हात हँडलवर ठेवला. नुसता ठेवला. आणि तेव्हा, स्वयंपाकघरातनं भाकरी थापल्याचा आवाज येत असताना, मला ते दिसलं.

आप्पांचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. लहानपणी चिंचेवरनं पडले, गावात हाडवैद्यानं बांधला, तो वाकडाच बसला. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, जसं न्हाणीघराची कडी उलटी लागते हे माहीत आहे. लहानपणी ते मला नेहमी उजव्या कडेवर घ्यायचे. फोटोत त्यांचा डावा हात नेहमी खिशात असतो. दंडवत घालताना त्यांचा एक हात पुढं आणि एक हात डोक्याशेजारी असतो. बसमध्ये वरचा दांडा ते उजव्या हातानंच धरतात. हाताला ताण पडला की सकाळी खांद्याला आई तेल चोळायची, त्याचा वास मला अजून येतो. हात वाकडा हे मला माहीत होतं. हँडल वाकडं हेही माहीत होतं. वर्षानुवर्षं ह्या दोन गोष्टी एकाच माणसाच्या अंगावर माझ्या डोळ्यांसमोर रोज सकाळी साडेसातला कारखान्याला जायला निघत होत्या, आणि मी त्या कधी एकमेकींना लावून बघितल्या नाहीत. डबा हँडलला लटकवून द्यायचं काम माझंच होतं. डाव्या बाजूला.

‘‘हे तुम्ही वाकवून घेतलं होतं?’’

‘‘मग काय. लांब पडत होतं.’’ एवढंच. जसं कुणी शर्टाची बाही आखूड करून घेतो. गाडी घेतल्यावर महिनाभर ते तसेच कारखान्याला गेले, जाऊन-येऊन बावन्न किलोमीटर. क्लच दाबायला डावा खांदा पुढं काढायला लागायचा, संध्याकाळी मान वळायची नाही. साहेबांना सांगून एक दिवस लवकर निघाले, उद्यमनगरात फाउंड्रीत एक ओळखीचा मिस्त्री होता, त्याला म्हणाले की माझा हात असा आहे, हे हाताच्या मापाचं कर. मिस्त्रीनं त्यांना गाडीवर बसवलं, डोळे मिटून हात ठेवायला सांगितला, आणि हात जिथं पडला तिथं खडूनं फरशीवर खूण केली. पैसे घेतले नाहीत. हे सांगताना आप्पांनी खरंच डोळे मिटून हात पुढं केला आणि दोघांनाही तो हवेतला हात दिसत राहिला. मला दुपारचं आठवलं. मलाही असंच गाडीवर बसवून, हात पडेल तिथं पेन्सिलीची खूण केली होती, आणि मला ते किती नवं, किती माझ्यासाठीच केलेलं वाटलं होतं.

‘‘मग मामांना पडलो म्हणून का सांगितलंत?’’

आप्पा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पडलो म्हटलं की लोक आपापलं पडलेलं सांगत बसतात. हात वाकडा म्हटलं की हात बघतात.’’

आणि जेवायला उठले.

मला जरा राग आला होता, हे कबूल करतो. कसला ते नीट सांगता येत नाही. त्यांनी खोटं सांगितलं म्हणून नाही, ते कुणाला लागलं नाही. मला सुद्धा सांगितलं नाही म्हणून असेल. पण मी तरी कधी विचारलं? मेकॅनिकला विचारलं, कॉलेजातल्या पोरांना थापा मारल्या की आप्पा कसे घाटात पडले आणि तसेच उठून गाडी चालवत आले, करूळच्या घाटात म्हणे. त्या थापेत त्यांचा मला अभिमान वाटायचा. वळणावर घसरलेला आणि धूळ झटकून उठलेला बाप मला हवा होता. चिंचेवरनं पडलेला, मान अवघडलेला, साहेबांची परवानगी काढून मिस्त्रीकडं गेलेला बाप त्या वयात माझ्या कामाचा नव्हता.

सोमवारी रजा टाकली. टर्नरनं केबल बनवायला घेतली. बाजारात मिळणारी दुसऱ्या गाडीची लांब केबल बसते, पण तिचं टोक वेगळं निघालं, म्हणून बाहेरचं कव्हर आणि आतली तार मापानं कापून त्यानं टोकाला निपल घरीच लावलं. हे काम बघण्यासारखं असतं. तारेचं टोक पितळेच्या बारक्या निपलातनं ओवायचं, मग एकेक धागा सुईनं बाहेरच्या बाजूला पसरायचा, मोगऱ्याच्या कळीसारखा, म्हणजे तार ओढली तरी निपल निसटत नाही. त्यावर नवसागर लावायचा, तो पांढरा धूर सोडत नाकात झोंबतो, आणि वितळलेल्या शिशाचा डाख द्यायचा. शिसं आधी थेंबासारखं गोल राहतं, मग एका क्षणी अंग सोडतं आणि सगळ्या धाग्यांतनं आत झिरपतं. टर्नर त्या क्षणाला श्वास रोखतो. केबल हेडलाइटच्या मागनं, मानेच्या नळीला वळसा घालून घेतली, हँडल डावीकडं पार टोकाला, उजवीकडं पार टोकाला. इंजिन एका सुरात चालू राहिलं.

गाडी चालवली तर वेगळंच. रंकाळ्यापर्यंत गेलो. केबल ठीक, ब्रेक ठीक, बोटांना मुंग्या नाहीत, उंची झकास. पण गाडी डावीकडं ओढते आहे असं सारखं वाटत होतं. हात सोडून बघितले तर सरळ जात होती. काठाशी टर्नर मागनं त्याच्या स्कूटरवर येऊन थांबला आणि म्हणाला, ‘‘गाडी सरळ हाय मर्दा. तू वाकडा बसतोस.’’ मी आरशात बघितलं. डावा खांदा मागं, कंबर जराशी पिळलेली, मान त्याची भरपाई करायला उजवीकडं. हँडल गेलं पण माझं अंग अजून त्याच्याच मापावर होतं. कॉलेजातले फोटो आठवले, त्यात गाडीवर बसलेला मी नेहमी असाच तिरका आहे. सगळे म्हणायचे, काय स्टाइल मारतोय. मलाही ती स्टाइलच वाटायची.

जुनं परत लावू का, हा विचार रंकाळ्यावर शेंगा खाता-खाता दोनदा आला आणि दोनदा गेला. नव्या हँडलवर मला खरंच बरं वाटत होतं. आणि जुनं माझ्या हाताच्या मापाचं नव्हतंच, त्यावर मी फक्त वाढलो होतो.

संध्याकाळी गाडी दारात लावली. आप्पा चप्पल घालून खाली आले, नव्या हँडलभोवती एक फेरी मारली, आडव्या नळीला नखानं टिचकी मारली. ‘‘हे कशाला?’’ म्हणाले. मजबुतीला, असं मी म्हटलं. खरं तर ती दिसायला असते. मग ते गाडीवर बसले, स्टँडवर होती तेव्हाच. नऊ वर्षांनी. उजवा हात मुठीवर गेला. डावा पुढं केला, तो मुठीच्या अलीकडं दोन बोटं हवेत राहिला. त्यांनी तो तसाच टाकीवर ठेवला, जणू तिथंच ठेवायचा होता.

‘‘किक मार,’’ म्हणाले.

मी बाजूनं मारली. दुसऱ्या किकेला सुरू झाली. आप्पांनी एका उजव्या हातानं हँडल डावीकडं पार टोकाला नेलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. मग उजवीकडं. मग परत डावीकडं, जरा जास्तच वेळ. गल्लीत निळा धूर भरला, समोरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

‘‘काल काय करत होती?’’

‘‘डावीकडं नेलं की रेस व्हायची.’’

‘‘आता नाही होत,’’ आप्पा म्हणाले. ‘‘उजवा आरसा सैल आहे. बाराचा पाना आण.’’